पुरावा कोणाच्या हाती? पोलीस गोळीबारानंतरच्या चौकशीविषयी काही विचार

९ ऑगस्ट हा दिवस महाराष्ट्रात क्रांतिदिन म्हणून पाळला जातो. २०११ सालच्या क्रांतिदिनी मावळ तालुक्यातील शेतकरी बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले होते. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणण्याची पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची योजना होती. नदीचे पाणी नळात गेले तर नदीकाठची शेती कशावर जगणार, असा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. धरणासाठी ज्यांच्या जमिनी पूर्वीच गेल्या होत्या, त्यांचा रागही त्यात मिसळला होता. आंदोलन चिघळले, दगडफेक झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एक महिला व दोन पुरुष असे तिघे जण मृत्युमुखी पडले.

वाचकहो, पिंपरी, चिंचवड, निगडी, आकुर्डी या परिसरात राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांच्या घरी पवनेचेच पाणी येते. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते, निगडीत शुद्ध होते आणि मग आपल्या नळाला येते. ज्या योजनेवरून ते तीन जीव गेले ती योजना आपल्यासाठीच आखलेली होती. म्हणून त्या गोळीबाराची चौकशी कशी होते, हा प्रश्न केवळ मावळच्या शेतकऱ्यांचा नाही. तो आपलाही आहे.

आजच्या लेखात गोळीबार योग्य होता की अयोग्य, याचा निवाडा आम्ही करणार नाही. तो आमचा अधिकार नव्हे. आम्हाला त्याच्या पुढची गोष्ट तपासायची आहे. पोलिसांच्या गोळीने माणूस मेल्यानंतर पुरावा गोळा कोण करतो, तो निर्णय घेणाऱ्यांपुढे कोण ठेवतो, आणि मृताच्या आप्तांना तो पाहता येतो काय? न्यायाची पहिली पायरी हीच आहे. ही पायरी कच्ची राहिली तर वरचे न्यायालय कितीही निःपक्षपाती असले तरी त्याच्यापुढे अपुरा पुरावाच पोहोचतो.

फर्ग्युसनचा धडा

मावळच्या घटनेला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्ट २०१४ रोजी, अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील फर्ग्युसन या लहान शहरात डॅरन विल्सन या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने मायकेल ब्राउन या १८ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणावर गोळ्या झाडल्या. ब्राउन जागीच मरण पावला. या प्रकरणामुळे 'ग्रँड ज्यूरी' हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांतून गाजला. ही व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडील उणिवा तिच्याशी ताडून पाहिल्या की अधिक स्पष्ट होतात.

अमेरिकेत अनेक राज्यांत गंभीर गुन्ह्याचा खटला भरण्यापूर्वी ग्रँड ज्यूरीची संमती घेतली जाते. ग्रँड ज्यूरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले मंडळ. आरोपी दोषी आहे की नाही हे ते ठरवीत नाही. खटला चालवण्याइतके सकृद्दर्शनी कारण आहे की नाही, एवढेच ठरवते. फर्ग्युसनच्या प्रकरणात या मंडळात १२ सभासद होते आणि आरोप ठेवण्यासाठी त्यांपैकी ९ जणांची संमती लागत होती. मंडळाचे कामकाज बंद दाराआड चालते. त्या खोलीत न्यायाधीश नसतो, बचाव पक्षाचा वकील उलटतपासणी घेत नाही आणि मृताच्या कुटुंबालाही प्रवेश नसतो. साक्षीदार कोणते बोलवायचे, कागदपत्रे कोणती दाखवायची आणि कायदा कसा समजावून सांगायचा, हे सारे सरकारी वकिलाच्या हाती असते.

एरवीच्या गुन्ह्यांत सरकारी वकील थोडक्यात आपली बाजू मांडतो, एखाददुसरा साक्षीदार उभा करतो, अमुक कलमाखाली आरोप ठेवावा अशी मागणी करतो आणि ती बहुतेक वेळा मान्य होते. आरोपी स्वतः क्वचितच साक्ष देतो. फर्ग्युसनमध्ये मात्र सरकारी वकील रॉबर्ट मॅक्युलक यांनी निराळा मार्ग धरला. २५ दिवस कामकाज चालले, ६० साक्षीदार तपासले गेले, आणि सगळा पुरावा कोणतीही ठाम शिफारस न करता सभासदांपुढे ठेवण्यात आला. विल्सन याने स्वतः काही तास साक्ष दिली. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी जाहीर झाले की त्याच्यावर आरोप ठेवला जाणार नाही. शहरात जाळपोळ झाली.

वरवर पाहता सगळा पुरावा पुढे ठेवणे यात गैर काय, असे कोणीही विचारील. परंतु मॅक्युलक यांनी कामकाजाची कागदपत्रे पुढे खुली केली तेव्हा काही गोष्टी उजेडात आल्या. पोलिसांना बळाचा वापर कधी करता येतो याविषयी मिसुरीचा जो जुना कायदा सुरुवातीला सभासदांच्या हाती देण्यात आला, त्याचा एक भाग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच निष्प्रभ ठरवला होता. पळणाऱ्या संशयितावर केवळ तो पळतो म्हणून गोळी झाडता येत नाही, असा तो निर्णय होता. ही चूक अनेक आठवड्यांनी, तीही मोघमपणे, दुरुस्त करण्यात आली. काही साक्षीदार उघडउघड खोटे बोलत होते हे ठाऊक असूनही त्यांना मंडळापुढे आणले होते, असे मॅक्युलक यांनी नंतर स्वतःच सांगितले. त्यांचे वडील पोलीस होते आणि १९६४ साली कर्तव्यावर असताना मारले गेले होते; म्हणून त्यांनी हे प्रकरण दुसऱ्याकडे सोपवावे अशी मागणी आधीपासूनच झाली होती. त्यांनी ती मानली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने स्वतंत्र तपास केला आणि मार्च २०१५ मध्ये तेही विल्सनवर खटला भरता येत नाही या निष्कर्षाला आले. पुढे २०१८ च्या निवडणुकीत मॅक्युलक यांचा पराभव करून वेस्ली बेल हे कृष्णवर्णीय वकील त्या पदावर आले. त्यांनी प्रकरण नव्याने तपासले आणि जुलै २०२० मध्ये त्यांनीही आरोप ठेवण्याइतका पुरावा नसल्याचे जाहीर केले. म्हणजे तीन वेळा तपास झाला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले. तरीही पहिल्या वेळी शहर पेटले. निर्णय बरोबर असणे आणि तो प्रामाणिकपणे घेतला गेला असे लोकांना पटणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना दुसरी गोष्टही हवी असते, आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे.

क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टॅमिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातले पिस्तूल घेऊन बागेत असताना पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पोलिसांची गाडी येऊन थांबल्यावर जेमतेम दोन सेकंदांत गोळी सुटली. ग्रँड ज्यूरीचे काम चालू असतानाच सरकारी वकिलाच्या कार्यालयाने गोळीबार वाजवी ठरवणारे तज्ज्ञांचे अहवाल प्रसिद्ध केले. संबंधित पोलिसांना लिहून आणलेले निवेदन वाचून दाखवता आले; त्यावर प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये आरोप न ठेवण्याचा निर्णय झाला. लुईव्हिल शहरात मार्च २०२० मध्ये ब्रिओना टेलर ही तरुणी स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळ्यांनी मरण पावली. तेथे शेजारच्या घरात गोळ्या गेल्याबद्दल एका अधिकाऱ्यावर आरोप ठेवला गेला. तिच्या मृत्यूबद्दल कोणावरही नाही. ग्रँड ज्यूरीच्या एका सभासदाने न्यायालयाची परवानगी मिळवून जाहीर केले की मनुष्यवधाचे आरोप मंडळापुढे विचारासाठी ठेवलेच नव्हते. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर ते मंडळ कोठून देणार?

या साऱ्या प्रकरणांत एक समान धागा आहे. सरकारी वकिलाला आपल्या रोजच्या खटल्यांसाठी पोलिसांवरच अवलंबून राहावे लागते. पोलीस हेच त्याचे नित्याचे साक्षीदार. त्याच सहकाऱ्यांविरुद्ध पुरावा मांडण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या हेतूवर शंका घेतली जाणारच. म्हणून मिनियापोलिस परिसराचे सरकारी वकील माइक फ्रीमन यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीर केले की पोलीस गोळीबाराच्या प्रकरणांत आपण यापुढे ग्रँड ज्यूरीच्या आड उभे राहणार नाही. निर्णय स्वतः घेऊ आणि त्याची जबाबदारीही स्वतः घेऊ.

आपल्याकडे काय घडते?

ब्रिटिश अमलात मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत ग्रँड ज्यूरी होती. १८६५ साली ती बंद झाली. साधी ज्यूरीही १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर लोकांच्या मनातून उतरली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. आज आपल्याकडे पोलीस तपास करतात, पोलीसच आरोपपत्र दाखल करतात आणि सरकारी वकील प्रामुख्याने त्यानंतर, न्यायालयात, पुढे येतो. त्यामुळे अमेरिकेत जो प्रश्न सरकारी वकिलाविषयी विचारला जातो, तो आपल्याकडे आणखी एक पायरी खाली, थेट पोलीस ठाण्यातच उभा राहतो. गोळी पोलिसांची, पंचनामाही पोलिसांचा आणि फिर्यादीही पोलीसच.

चकमकीच्या प्रकरणांत हे विशेष जाणवते. चकमक झाली की पहिला गुन्हा बहुधा मृतावरच नोंदवला जातो : पोलिसांवर हल्ला केला, खुनाचा प्रयत्न केला. आरोपी मेलेला असल्याने खटला चालत नाही आणि कागद बंद होतो. गोळी झाडणाऱ्याने ती का झाडली, हा प्रश्न त्या कागदात विचारलेलाच नसतो. लुईव्हिलच्या बंद खोलीत जे घडले, तेच आपल्याकडे ठाण्याच्या दप्तरात घडू शकते.

जमावावरील गोळीबाराची गोष्ट थोडी निराळी आहे. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पूर्वीच्या संहितेतील कलम १२९ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४८ म्हणून आले आहे. या अधिकाराखाली केलेल्या कृतीबद्दल शासनाच्या मंजुरीवाचून खटला भरता येत नाही. पूर्वीचे कलम १३२, आताचे १५१. ज्या शासनाचे गृहखाते पोलिसांना आदेश देते, त्याच शासनाकडे ही परवानगी मागावयाची. लोकसेवकांविषयीच्या सर्वसाधारण तरतुदीत, म्हणजे नव्या कलम २१८ मध्ये, १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे समजावे, ही चांगली सुधारणा झाली आहे. १ जुलै २०२४ पासून हा कायदा अमलात आला. मात्र जमाव पांगवण्याविषयीच्या कलम १५१ मध्ये अशी मुदत घातलेली नाही.

लोकक्षोभ वाढला की शासन चौकशी आयोग नेमते. मावळच्या घटनेनंतर निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगापुढे प्रतिज्ञापत्रे सादर होतात, साक्षी होतात, उलटतपासणीही होते. ग्रँड ज्यूरीच्या बंद खोलीपेक्षा हे निश्चित चांगले. पण १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोगापुढे दिलेले निवेदन त्या व्यक्तीविरुद्ध पुढे फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद खोट्या साक्षीच्या खटल्याचा. आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. शासनाने तो कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा असे कायदा सांगतो. त्यानंतर खटला भरायचाच झाला, तर पुरावा पुन्हा पहिल्यापासून गोळा करावा लागतो आणि तोही बहुधा पोलिसांनीच. तोवर साक्षीदार विखुरलेले असतात, आठवणी पुसट होतात आणि वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळलेले असते.

तीन प्रकरणे

आयोगाच्या मार्गाने काय साधते व काय साधत नाही, हे पाहण्यासाठी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचे उदाहरण घ्यावे. ११ जुलै १९९७ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याने लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण ठार झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवून देणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन देण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदम यांना जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. गोळीबारापासून पहिल्या निकालापर्यंत जवळजवळ १२ वर्षे गेली. ज्या मुलांचे वडील त्या दिवशी गेले, ती मुले तोवर मोठी झाली.

दुसरे प्रकरण ११ नोव्हेंबर २००६ चे. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वर्सोव्याला चकमकीत मारल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याचा भाऊ वकील होता. भावाला वाशीतून उचलून नेल्याचे कळताच त्याने त्याच दिवशी, चकमकीची बातमी येण्यापूर्वीच, वरिष्ठांना तारा व फॅक्स पाठवले होते. काळवेळ दाखवणारे ते कागद पोलिसांच्या हाती नव्हते, म्हणूनच ते टिकले. उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करवली, नंतर विशेष तपास पथक नेमले आणि २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जण दोषी ठरले. त्या खटल्यातील एक महत्त्वाचा साक्षीदार साक्ष देण्याच्या सुमारास बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेहच सापडला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम केली आणि आधी निर्दोष सुटलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. त्यानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी : भाऊ वकील नसता, तर त्या तारा कोणी पाठवल्या असत्या?

तिसरे प्रकरण अगदी अलीकडचे. बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचा आरोप असलेला तरुण २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत, मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर, गोळी लागून मेला. त्या आरोपाने साऱ्या महाराष्ट्राचे रक्त उसळले होते. त्याच्या मृत्यूचा आनंदही कित्येकांनी उघडपणे साजरा केला. कायद्यानुसार कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी केली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला : बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि पाच पोलीस त्यास जबाबदार होते. फेब्रुवारीत मृताच्या आईवडिलांनी न्यायालयाला सांगितले की आम्हाला हा खटला पुढे चालवायचा नाही. न्यायालयाने मात्र प्रकरण सोडले नाही. आईवडील मागे सरले म्हणून प्रश्न संपत नाही, अशी भूमिका घेऊन एप्रिल २०२५ मध्ये गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. त्या मुलींना खरा न्याय न्यायालयातच मिळाला असता. गाडीतल्या गोळीने त्यांचाही खटला अर्ध्यावर तुटला, हे आपण ध्यानात घ्यावे.

तिन्ही प्रकरणांत न्यायाची वाट जी काही मोकळी झाली, ती पोलीस ठाण्याबाहेरच्या कोणीतरी पुरावा हाती घेतला तेव्हाच : एका ठिकाणी आयोगाने, दुसऱ्या ठिकाणी भावाने, तिसऱ्या ठिकाणी दंडाधिकाऱ्याने.

नियम आहेत, ते पाळले जावेत

१९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसे मेली. त्यासंबंधी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा. तपास गुन्हे अन्वेषण विभागाने अथवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण व्हावे. वापरलेली शस्त्रे तपासणीसाठी जमा करावीत. दंडाधिकाऱ्यांची चौकशी अवश्य व्हावी. आप्तांना लवकरात लवकर कळवावे. आणि चकमकीनंतर लगेच शौर्यपदके वा बढत्या देऊ नयेत. या सूचना चकमकींविषयी असल्या तरी त्यामागचे तत्त्व जमावावरील गोळीबारालाही तितकेच लागू पडते. ज्याच्या कृतीची चौकशी आहे, त्याच्या हाती चौकशीचे कागद नसावेत.

आपल्या कायद्यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. दंडाधिकाऱ्यांनी मृत्यूची चौकशी करताना, शक्य असेल तेथे, मृताच्या नातलगांना कळवावे आणि त्यांना हजर राहू द्यावे, असे पूर्वीच्या कलम १७६ मध्ये होते आणि आताच्या कलम १९६ मध्येही आहे. अमेरिकेतील मातापित्यांना ग्रँड ज्यूरीच्या दाराबाहेर थांबावे लागते. आपल्याकडील आईला आत बसण्याचा हक्क आहे. किती कुटुंबांना हे ठाऊक आहे?

पोलिसांची बाजूही विसरून चालणार नाही. ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले, बसगाड्या पेटल्या आणि पोलीसही जखमी झाले. कारखान्यांतून घरी निघालेल्या कामगारांनी तो धूर पाहिला आहे. समोरून दगड येत असताना क्षणात निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेणारा शिपाईही कोणाचा तरी मुलगा असतो. पण स्वतंत्र चौकशी त्याच्याविरुद्ध नाही. ज्याने खरोखर नाइलाजाने गोळी झाडली, त्याच्या माथ्यावरचा संशय स्वतंत्र चौकशीनेच पुसला जाईल. सहकाऱ्यांनी लिहिलेल्या पंचनाम्याने तो कधीच पुसला जात नाही. फर्ग्युसनच्या अधिकाऱ्यालाही तो पुसून मिळाला नाही.

आपले काम

बंद जलवाहिनीचे काम मावळच्या गोळीबारानंतर थांबले. १२ वर्षांनी, २०२३ मध्ये, शासनाने स्थगिती उठवली आणि जुना वाद पुन्हा जागा झाला. शहर वाढते आहे, पाण्याची गरजही वाढते आहे, हे खरेच. परंतु उद्या पुन्हा नदीकाठचा शेतकरी आणि शहराचा नळ समोरासमोर आले, तर मध्ये पोलीस उभे राहतील. तसा प्रसंग न यावा, अशीच आमची इच्छा आहे. आला तर मात्र पुरावा नीट जपला जाईल, एवढी काळजी आपण आधीच घेऊ शकतो.

त्यासाठी मोठे आंदोलन लागत नाही. अशा घटनेची चौकशी सुरू झाली की दंडाधिकारी वा आयोग वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन माहिती असणाऱ्यांनी पुढे यावे असे आवाहन करतात. त्या सूचनेकडे आपले लक्षही जात नाही. ज्याने पाहिले तो कामावर खाडा नको म्हणून जात नाही. ज्याच्या मोबाइलमध्ये चित्रण आहे तो कटकट नको म्हणून ते पुसून टाकतो. मग पोलिसांचीच साक्ष तेवढी उरते, आणि पुढे आपणच म्हणतो की चौकशी एकतर्फी झाली. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली आहे. खरी साक्ष देण्याचे टाळणेही त्या आज्ञेच्या फार दूर नाही.

आपल्यापैकी जे वकील आहेत, त्यांनी अशा वेळी मृताच्या घरी जाऊन कलम १९६ काय म्हणते एवढे जरी सांगितले तरी ते मोठे काम होईल. जे पोलीस दलात आहेत, त्यांनी दुसऱ्या ठाण्याने तपास करावा ही मागणी स्वतःहून करावी. ती त्यांच्याच हिताची आहे. आणि आपण सर्वांनी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावे की आयोगांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवल्यानंतर त्यांवर प्रत्यक्ष काय झाले, आणि कलम १५१ खालील मंजुरीलाही मुदत का असू नये.

बऊरजवळच्या त्या रस्त्यावरून आपण अनेकदा मुंबईला जातो. पुढच्या वेळी जाताना क्षणभर त्या तिघांची आठवण ठेवावी आणि घरी परतल्यावर वर सांगितलेल्यापैकी एखादे तरी काम हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.